शिक्षण : तुकड्यांचे की माणसाचे?

गेल्या नाताळच्या आदल्या आठवड्यात चर्चच्या पटांगणात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो चाळिशीला टेकला आहे. वसईतील वाड्यांमधून भाजी आणि फुले दादरच्या बाजारात पोहोचविण्याचा त्याचा स्वतःचा व्यवसाय आहे. दोन टेम्पो आहेत, हाताखाली चार माणसे आहेत. कोणत्या शेतकऱ्याचे किती देणे आहे आणि कोणत्या व्यापाऱ्याकडून किती येणे आहे, हे तो वही न उघडता सांगतो. बोलता बोलता त्याच्या मुलाच्या अभ्यासाचा विषय निघाला, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, त्याच्या गणिताचं त्याची आई बघते. मला कुठं गणित येतं? तुम्हीच तर तसं लिहून दिलं होतं!"

तो विनोदाने बोलला; पण मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. कारण तो बोलला ते खरे होते.

१९९६-९७ चे शालेय वर्ष होते. केंद्र सरकारने १९९० साली नेमलेल्या आर. एच. दवे समितीने प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला किमान काय आले पाहिजे हे ठरवून दिले होते आणि आपल्या राज्याच्या १९९५ च्या प्राथमिक अभ्यासक्रमानेही क्षमतांचीच भाषा स्वीकारली होती. भाषा, गणित, परिसर अभ्यास असे विषय घेऊन त्यांचे लहान लहान घटक पाडलेले होते. आम्ही शिक्षक त्याप्रमाणे नोंदी करीत असू. क्षमता आली तर बरोबरची खूण, नाही आली तर फुली. या मुलाच्या नावापुढे हातच्याच्या वजाबाकीच्या रकान्यात मी वर्षभरात तीन वेळा फुली मारली आणि अखेरीस शेरा लिहिला, "गणितात गती नाही."

आता कबुली देतो. त्याच वर्षी एका सकाळी स्थानकाजवळ त्याच्या आईकडून मी भाजी घेतली होती. पैसे तोच घेत होता. तीन प्रकारच्या जुड्यांची बेरीज त्याने तोंडी केली, पन्नासच्या नोटेतून ती वजा केली आणि उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले. हिशेब अचूक होता. सुटे पैसे खिशात टाकून मी शाळेत गेलो आणि दुपारी त्याच्या नावापुढे फुली मारली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला त्या दिवशी जाणवलेसुद्धा नाही.

माझा हा अनुभव एकट्याचा नव्हता, हे पुढे वाचनातून कळले. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तेथील तीन संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. विक्रीच्या ओघात विचारलेल्या प्रश्नांपैकी सुमारे ९८ टक्के उत्तरे मुलांनी बरोबर दिली. तशीच गणिते नुसत्या आकड्यांत मांडून समोर ठेवली, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. पस्तीसला एक असे दहा नारळ मागितले तेव्हा एका मुलाने पस्तीसवर शून्य दिले नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, पुढे तीनशे पंधरा, असे करीत तो साडेतीनशेपर्यंत पोहोचला. हे गणित नव्हे, असे कोण म्हणेल?

मात्र या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. दिल्ली आणि कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचे एक मोठे संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झाले. तेथेही बाजारातील मुले गुंतागुंतीचे व्यवहार लीलया करीत होती आणि शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडखळत होती. शाळेत जाणाऱ्या, पण बाजाराशी संबंध नसलेल्या मुलांची गत नेमकी उलटी होती. पाठ्यपुस्तकातील गणिते त्यांना बऱ्यापैकी जमत होती आणि बाजारातील हिशेब मात्र जमत नव्हते. शाळा आणि बाजार यांच्यामधला पूल कोणीच बांधला नव्हता आणि तो बांधण्याचे काम आपण मुलांवर सोडून दिले होते.

हे सारे माझ्या ध्यानी येऊ लागले, तेव्हा मी दुसऱ्या टोकाला गेलो. तीही चूक येथे सांगितली पाहिजे. एका वर्षी मी पाढे आणि शुद्धलेखन जवळजवळ बाजूला ठेवले. वर्गात बाजार भरविला, वाडीतल्या विहिरीवर मुलांना नेले, आजीकडून ऐकलेल्या गोष्टींचे हस्तलिखित काढले. मुले आनंदात होती आणि पालक कौतुक करीत होते. वर्षाअखेरीस पाहिले तर ज्यांच्या घरी पुस्तके होती आणि संध्याकाळी जवळ बसवून घेणारे कोणी होते, ती मुले उत्तम वाचीत होती. ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नव्हते, त्यांतील काही जोडाक्षरापाशी अजूनही थांबत होती. हस्तलिखितातली त्यांची पाने दुसऱ्यांनी लिहून दिलेली होती. समग्र शिक्षणाच्या नावाखाली मी त्यांचा हक्काचा सराव काढून घेतला होता. शाळा जे देत नाही ते घर भरून काढते. पण सगळ्यांचे घर ते भरून काढू शकत नाही. म्हणून कौशल्य पक्के करून घेणे ही गरिबाच्या मुलाच्या बाबतीत न्यायाची गोष्ट आहे. दवे समितीमागील हेतूही हाच होता आणि तो निश्चितच थोर होता.

मग प्रश्न असा उरतो की, सुट्या कौशल्यांत दोष नसेल तर दोष कशात आहे?

आपल्या धर्मग्रामातील गायनवृंदाचा सराव आठवून पाहावा. नाताळच्या गीतांची तयारी सुरू झाली की प्रत्येक आवाजाचा गट वेगळा बसतो. एकच ओळ वीस वेळा घोटली जाते. या सुटेपणाची कोणी तक्रार करीत नाही, कारण गाणे पूर्ण कसे आहे हे प्रत्येकाने ऐकलेले असते आणि मध्यरात्रीच्या मिस्सेत चारही आवाज एकत्र येणार आहेत हे ठाऊक असते. शिवाय ते एकत्र आणण्याचे काम गायनवृंदाच्या प्रमुखाचे असते. तो केवळ खालच्या आवाजाच्या गटाला गुण देऊन घरी निघून गेला, तर सराव कितीही चोख झालेला असो, गाणे होणार नाही.

माझ्या मते या प्रश्नातील नीतीचे सूत्र येथे आहे. जो सुटे करतो, जोडण्याची जबाबदारीही त्याचीच असते. आम्ही ज्ञानाचे तुकडे केले, ते मोजले आणि मोजणी संपताच कर्तव्य संपले असे मानले. त्याहून मोठा अपराध म्हणजे एका तुकड्याच्या मोजमापावरून आम्ही संपूर्ण माणसाविषयी निवाडा दिला. "हातच्याची वजाबाकी कागदावर अजून येत नाही" हे विधान खरे होते आणि उपयोगाचेही होते. "गणितात गती नाही" हे विधान असत्य होते. पहिल्याने मला उद्या काय शिकवायचे ते कळले असते. दुसऱ्याने त्या मुलाला तो कोण आहे ते सांगितले आणि त्याने तीस वर्षे माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

हा विवेक आपल्याला नवखा नाही. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळाच कुरणात नेण्याचा त्यांचा प्रयोग होता. अक्षरे त्यांनी सोडली नाहीत. मुलाच्या आयुष्यात जे होते त्याला ती जोडली. आणि शुभवर्तमानातील तो शास्त्री आठवतो. प्रभू येशूने विचारलेल्या प्रश्नाचे त्याने बिनचूक उत्तर दिले. त्याला पूर्ण गुण मिळाले असते. तरी प्रभू तेथे थांबला नाही. "हे कर," असे त्याने सांगितले आणि शास्त्र्याने शेजारी कोण हे विचारताच रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसाची कथा सांगितली. पाठ असलेली आज्ञा आणि रस्त्यावरचा माणूस यांची गाठ गुरूने स्वतः घालून दिली.

आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे आणि २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पायाभूत वाचन व अंकज्ञानावर भर आहे. दोन्ही हवेत. पण कोणतेही पत्रक मुलाला सकाळी बाजारात पाहू शकत नाही. ते शिक्षकाने आणि पालकाने पाहावे लागते. प्रगतिपत्रक घरी आले की गुणांबरोबर एवढेही विचारावे : याला काय अजून येत नाही, याला दुसरीकडे काय येते आणि या दोहोंची गाठ कोण घालून देणार आहे?

नाताळनंतर मी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. मी त्याला म्हणालो, "ती फुली तुझी नव्हती, माझी होती. तुला गणित येत होतं. ते कागदावर कसं आणायचं, हे मी तुला शिकवलं नाही." तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने आतून मुलाला हाक मारली आणि त्याच्या वहीसकट त्याला आमच्या दोघांच्या मध्ये बसविले.