निसर्गाची उसनवारी आणि कवीचे इमान

काही वर्षांपूर्वी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होते. मृग कोरडा गेला होता. एका तरुण कवीने पावसावर कविता म्हटली. तिच्यात पाऊस प्रेयसीच्या आठवणीने रात्रभर रडत होता. टाळ्या पडल्या. संमेलन संपल्यावर मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या चाचांनी त्या कवीला जवळ बोलावले आणि म्हणाले, "बेटा, तुह्या कवितेत पाऊस लय रडते. आमच्या वावरात तर तो आलाच नाही. मंग तो रडाले गेला कोनाच्या घरी?" आम्ही सारे हसलो. कवीही हसला. घरी परतताना मात्र ते हसू आमच्या ओठांवर राहिले नाही, कारण पावसावर तशाच कविता आम्हीही लिहिल्या होत्या.

चाचांचा प्रश्न जितका साहित्याचा, तितकाच नीतीचा आहे. आपले दुःख पावसाच्या तोंडी घालण्याचा अधिकार कवीला कुणी दिला? आणि तो दिला असेल, तर त्या बदल्यात कवी पावसाचे काही देणे लागतो की नाही?

आमच्या घरांत एक जुनी रीत आहे. शेजारून वाटीभर पीठ उसने आणले, तर परत करताना वाटी काठोकाठ भरून द्यायची. ईदला शेजारी गेलेला शिरखुर्म्याचा वाडगा रिकामा परत येत नाही. चिमूटभर साखर का होईना, त्यात पडलेली असते. दिवाळीच्या फराळाचे ताटही आमच्याकडून तसेच काही ना काही घेऊन परत जाते. कवी निसर्गाकडून रोज काहीतरी उसने आणतो. विरहासाठी रात्र आणतो, आशेसाठी पहाट, एकटेपणासाठी माळावरचे झाड. ही उसनवारी चूक नाही. प्रश्न वाटी कशी परत गेली याचा आहे.

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार ना. घ. देशपांडे यांच्यापासून सुरू करावा लागतो. 1909 साली जन्मलेल्या या कवीने पैनगंगेकाठच्या मेहकरात वकिली केली आणि तिथेच राहून कविता लिहिली. 'शीळ' ही त्यांची कविता 1930 च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताची वाट तिथून रुंद झाली. 1986 साली 'खूणगाठी' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेत रान हे प्रीतीचे सोबती आहे. माणसाचे मन रानात उतरते आणि रान माणसाच्या मनात. म्हणजे त्यांनीही उसनवारी केलीच. पण ज्या मुलखातून घेतले, त्या मुलखातच त्यांनी हयात काढली. मेहकरातल्या एका जुन्या वास्तूचे नाव त्यांनी 'कंचनीचा महाल' या पुस्तकाला दिले. दूर शहरात बसून रानाचे चित्र भिंतीवर टांगणे वेगळे आणि रानाच्या शेजारात राहणे वेगळे.

आम्हा मुसलमान कवींच्या घरी आणखी एक वारसा आहे, तो गझलेचा. गुल, बुलबुल, चमन, सय्याद, आशियाना हे शब्द आम्ही मुशायऱ्यांत ऐकत वाढलो. फारसी काव्यातला बुलबुल म्हणजे रात्री गाणारा नायटिंगेल. आमच्या अंगणात शेवग्यावर बसतो तो शेपटीखाली लाल असणारा बुलबुल वेगळाच पक्षी आहे. दोघांचे नाव एक झाले आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकाकडे पाहत दुसऱ्याचे गाणे म्हणत राहिलो. म्हणजे ही उसनवारी दुहेरी झाली. एकदा निसर्गाकडून, एकदा परक्या बागेकडून. तरी आमच्याच परंपरेत याला उत्तरही आहे. चारशे वर्षांपूर्वी मुहम्मद कुली कुत्बशाहने दखनीत लिहिताना आपल्याच मुलखातला पावसाळा, वसंत आणि फळे कवितेत आणली. डोळ्यांसमोरचे झाड कवितेला चालते, हे तो बादशाह असूनही विसरला नाही. आम्ही साधी माणसे असून का विसरावे?

मग अलीकडच्या वऱ्हाडाने निसर्गाची ती रम्य चौकटच मोडली. 2006 साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या 6 जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात बुलढाणा होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, 2004 साली, आमच्या जिल्ह्यातल्या अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. त्या कादंबरीतल्या शेतकऱ्याच्या घरी पाऊस पाहुणा म्हणून येत नाही. तो आला तरी हिशेब असतो, न आला तरी हिशेब असतो. साखरखेर्ड्याचे कवी अजीम नवाज राही यांच्या एका संग्रहाचे नावच 'व्यवहाराचा काळा घोडा' आहे. छोट्या गावातल्या कष्टकरी मुसलमानाच्या जगण्यातून आलेल्या कवितेला चांदण्यापेक्षा चुलीची चिंता आधी असणार, यात नवल नाही. पिंजारी कापसाला हात लावतो, बागवान संत्र्याला, पण त्यांच्या हातात निसर्ग येतो तो भाव ठरूनच.

या साहित्याने चाचांचा प्रश्न ऐकला, हे त्याचे मोठेपण. तरी एक शंका उरते. रम्य कवितेत पाऊस आमच्या प्रेमाचा आरसा होता, आता तो आमच्या कर्जाचा आरसा झाला. पाहणारा बदलला, आरसा आरसाच राहिला. आमच्याशिवाय पावसाला, मातीला, पाखराला स्वतःचे काही आहे की नाही?

त्याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. लोणारला जावे. आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बसाल्टच्या खडकात पडलेले ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्यातले खारे, अल्कधर्मी पाणी माणसाच्या पहिल्या कवितेच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाडच्या सुभ्याची माहिती देताना लोणारची नोंद केली, ती काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ तिथे मिळतात म्हणून. दरबाराच्या कारभाऱ्याला सरोवरात साबण दिसला. कवीला त्यात चंद्राचे प्रतिबिंब दिसले. दोघांनी आपापल्या कामाचे तेवढे पाहिले.

2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते, माणसे घाबरलेली होती. फोटो घरोघर फिरले. कुणी त्यात कयामतची खूण पाहिली, कुणी पुराणातल्या राक्षसाचे रक्त, कुणी लगेच कविता रचली. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कळले की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने तो रंग आला होता. पाणी कमी होऊन खारेपणा वाढला, तसे ते जीव वाढले. पुढे रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर स्थळांच्या यादीत गेले. आम्हांला त्या खुलाशात कवितेपेक्षा कमी काव्य वाटले नाही. आमच्या भीतीशी, आमच्या पापपुण्याशी काही संबंध न ठेवता, डोळ्यांना न दिसणारे जीव आपले आयुष्य जगत होते आणि आम्ही मात्र आरशात आपलेच तोंड शोधत होतो.

यावर कुणी म्हणेल, असे असेल तर कवीने गप्पच बसावे. उपमा-रूपकावाचून कविता कशी होणार? माणूस जे पाहतो ते माणसाच्याच डोळ्यांनी पाहणार. हा आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही रूपक सोडा असे म्हणत नाही. रूपकाने काम झाल्यावर मूळ वस्तू जागेवर शिल्लक राहते का, एवढेच पाहा म्हणतो. कविता वाचून झाल्यावर ते झाड झाड म्हणून दिसले, त्याची साल, त्याचा बहर, त्याचे नाव कळले, तर वाटी भरली. झाड पुसून गेले आणि नुसते कवीचे दुःख उरले, तर वाटी रिकामी परत गेली.

कुरआनाच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. जमिनीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारी पाखरे यांना तिथे तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. सृष्टीतली हर वस्तू तसबीह करते, पण ती तुम्हांला समजत नाही, असेही सांगितले आहे. आणि अमानतीची ती आयत तर कवीने रोज आठवावी अशी आहे. आकाशाने, जमिनीने, डोंगरांनी जो भार उचलायला नकार दिला, तो माणसाने उचलला. अमानत म्हणजे मालकी नव्हे. ज्याची तसबीह आपल्याला कळत नाही, त्याच्या तोंडी आपले शब्द घालताना कवीचा हात थोडा तरी थबकावा.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर हे सारे दुसऱ्यांना केलेले उपदेश ठरतील. आमच्या गावच्या कब्रस्तानात एक जुना कडुनिंब होता. जनाजा आला की उन्हाळ्यात माणसे त्याच्याच सावलीत उभी राहत. आमच्या वालिदांना दफन केले त्या दुपारी आम्हीही तिथेच उभे होतो. त्या सावलीवर आम्ही कविता लिहिली, ती एका दिवाळी अंकात छापून आली, चार पत्रेही आली. पुढे कब्रस्तानाला भिंत बांधायचे ठरले. भिंतीच्या रेषेत कडुनिंब येत होता. बैठकीत विषय निघाला. दोन हात रेषा वळवली असती तर झाड वाचले असते. खर्च थोडा वाढला असता. आम्ही त्या बैठकीत होतो. सर्वांनी हात वर केले, तसा आम्हीही केला. झाड गेले. कविता आमच्या संग्रहात आहे.

त्या दिवशी चाचांचा प्रश्न आम्हांला पुरता कळला. आम्ही झाडाकडून वालिदांच्या दुःखासाठी सावली उसनी घेतली, नाव मिळवले आणि झाडाला दोन शब्दांची गरज पडली तेव्हा तोंड उघडले नाही. कवितेत शब्द होते, बैठकीत नव्हते. निसर्गकवितेची खरी परीक्षा मुशायऱ्यात होत नाही. ती ग्रामपंचायतीत होते, कब्रस्तानाच्या कमिटीत होते, विहिरीच्या काठावर होते.

गेल्या दोन पावसाळ्यांत मोहल्ल्यातल्या मुलांना घेऊन आम्ही भिंतीच्या आतून कडुनिंबाची पाच रोपे लावली. दोन बकऱ्यांनी खाल्ली, एक वाळले. दोन उरली आहेत, कमरेएवढी झाली आहेत. मुले जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांना पाणी घालतात आणि घालताना भांडतात. त्यांच्यावर आम्ही अजून एक ओळ लिहिलेली नाही. सावली पडायला अवकाश आहे. तोवर जुने देणे तेवढे फेडत राहावे, असे ठरवले आहे.