क्षर म्हणजे झरणारे

आषाढ सरता सरता चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात वारुळांभोवती सात्या, म्हणजे खायची भूछत्रे, उगवतात आणि त्या काढायला बाया झुंजुमुंजूलाच निघतात, कारण उशीर झाला की त्यात अळ्या पडल्याच म्हणून समजावे. साधकहो, या घाईतच 'क्षर' शब्दाचा पहिला पदर हाती येतो: जे टिकत नाही ते क्षर. गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर आणि अक्षर असे दोन पुरुष सांगितले आहेत आणि सर्व भूतांची गणना क्षरात केली आहे. आपण तेवढे ऐकतो, 'नाशवंत' म्हणून उसासा टाकतो आणि लगबगीने अक्षराकडे वळतो.

मी मात्र या शब्दापाशी बरीच वर्षे रेंगाळलो आहे. 'क्षर्' धातूचा एक जुना अर्थ वाहणे, पाझरणे. आपले 'झरणे'ही अभ्यासक त्याच्याशीच जोडतात. म्हणजे क्षर ते, जे एका ठिकाणाहून ओसरते आणि दुसरीकडे पोचते.

कुजक्या ओंडक्यावरची, कोणी न खाणारी एखादी छत्री पाहा. तिच्या ओल्या सावलीत पाठीला पोक आलेली, लांब पायांची, काही मिलिमीटरची चिलटे वावरतात. त्यांच्या कुळाचे शास्त्रीय नाव मायसेटोफिलिडी, ग्रीकमधून उलगडले तर 'भूछत्रांवर प्रेम करणारी', आणि जगभरात या कुळाच्या 4,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मादी छत्रीवर अंडी घालते, गडद डोक्याची पांढुरकी अळी आतला गर पोखरत थोड्याच दिवसांत वाढ उरकते, कारण जे तिचे अन्न तेच तिचे घर आणि ते घर विरघळत चाललेले असते. मग बहुधा मातीत उतरून ती कोश करते. लाकूड बुरशीत झरले, बुरशी अळीत, अळी चिलटात, चिलट कोळ्याच्या पोटात. यात 'येथे नाश झाला' असे बोट ठेवायला मला जागा सापडलेली नाही.

कोणी म्हणेल, छत्री हे नुसते फळ, खरी बुरशी लाकडातल्या तंतूंत उरते, तेच अक्षर. दृष्टान्त मोहक आहे, पण ओंडका संपला की त्यातले तंतूही संपतात. अक्षर इतक्या स्वस्तात मिळत नाही.

गडचिरोलीतच वैनगंगेकाठी मार्कंडादेवला महादेवाच्या पिंडीला मिठी मारून मृत्यू टाळणाऱ्या मार्कंडेयाची कथा सांगतात. देऊळ उभे आहे ते मात्र अखंड वाहणाऱ्या पाण्याच्या काठावर. त्याच रानातली एखादी बाई सात्या निवडताना अळी लागलेल्या सात्या झाडाच्या बुडाशी टाकते, आणि अळी तिथल्या ओल्या पाचोळ्याखाली शिरते.