न केलेल्या गाण्यांचे धनी

नील इनेस या इंग्रज गायकाने १९७८ साली बीटल्सची चौदा गाणी बाजारात आणली. बीटल्सनी ती कधी केलीच नव्हती. 'द रटल्स' हा बँड खोटा, त्याच्यावरचा 'ऑल यू नीड इज कॅश' हा माहितीपट खोटा, पण त्यातली गाणी मात्र अस्सल. माहितीपट लिहिला मॉन्टी पायथन या विनोदी चमूतल्या एरिक आयडलने. गाणी सगळी इनेसची.

विडंबन आपल्याला नवं नाही. अत्र्यांची 'झेंडूची फुले' वाचूनच आमची पिढी हसायला शिकली. पण इनेसने जे केलं ते जरा वेगळ्या जातीचं आहे. चाल त्याची, शब्द त्याचे, ढंग तेवढा दुसऱ्याचा. यात अवघड काय आहे ते मला बोटांनी ठाऊक आहे. तरुणपणी मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. रेकॉर्डवरचा पीस कॅसेट मागेपुढे करून कानाने उचलायचा आणि गणपतीच्या स्टेजवर तसाच्या तसा वाजवायचा. घाम निघतो, पण डोकं लागत नाही. पंचमदांनी जे गाणं केलंच नाही ते पंचमदांसारखं करून दाखव, असं कुणी म्हटलं असतं, तर मी गिटार पेटीत घालून घरी गेलो असतो. त्यासाठी तो माणूस कुठल्या कॉर्डवर रेंगाळतो, कुठे कंटाळतो, कुठे उगाच लाडात येतो, हे सगळं आत मुरलेलं असावं लागतं. इनेस सांगायचा, की ही गाणी करताना त्याने बीटल्सची एकही रेकॉर्ड पुन्हा ऐकली नाही. आठवणीवर सगळं केलं.

'चीज अँड अनियन्स' ऐका. सावकाश पियानो, अर्धवट झोपेतला नाकातला आवाज. शब्दांना फारसा अर्थ नाही, पण आव असा की विश्वाचं गुपितच सांगतोय. मग वाद्यं चढत जातात आणि शेवटी एक लांबलचक कॉर्ड. बीटल्समधल्या जॉन लेननचं कुठलं गाणं हे? कुठलंच नव्हे, आणि थोडंथोडं बरंच काही. इनेसने ते १९७७ मध्ये अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर गायलं. ते ध्वनिमुद्रण पुढे बीटल्सच्या एका चोरट्या रेकॉर्डवर लेननच्या नावाने खपलं.

माझा प्रश्न इथे सुरू होतो, आणि तो संगीताचा नाही. लेनन खोलीत नसताना लेननपण उभं राहत असेल, तर भक्त ज्याला भजत होते ते नेमकं काय? आमचे वडील रोज संध्याकाळी गीतेचा एक अध्याय वाचायचे. 'मीच करतो' असं समजणारा अहंकाराने भुललेला असतो, हे मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकत आलो. कानावर पडत होतं, पटत नव्हतं. थोडंफार पटलं ते रटल्समुळे, हे वडिलांना सांगायची सोय आता उरलेली नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू बीटल्सपैकीच जॉर्ज हॅरिसनने भोगली. १९७० मध्ये आलेलं त्याचं 'माय स्वीट लॉर्ड' हे साक्षात देवाला घातलेलं साकडं. त्यात हॅलेलूया आहे, हरे कृष्ण आहे, आपण शाळेत म्हणायचो तो गुरूचा श्लोकही आहे. त्याच्यावर दावा लागला, की ही चाल रॉनी मॅकने केलेल्या आणि शिफॉन्स या मुलींच्या गटाने १९६३ मध्ये गाजवलेल्या 'ही इज सो फाइन'ची आहे. ते गाणं एका देखण्या पोराबद्दलचं. न्यूयॉर्कच्या कोर्टात न्यायाधीश होते रिचर्ड ओवेन. ते स्वतः ऑपेरा रचायचे. त्यांनी निकालपत्रात दोन्ही गाणी तुकड्यातुकड्यांनी सोडवली. आपल्या सरगमीत पहिला तुकडा प ग रे, दुसरा प ध सां ध सां. मी पेटीवर वाजवून पाहिलं, सगळे स्वर भूपाचे. भूपावर मालकी सांगणारा कुणी उभा राहिला असता, तर वादी-प्रतिवादी दोघंही अडकले असते!

तुकडे साधेच आहेत, पण ते ज्या क्रमाने आणि जितक्या वेळा येतात ती जुळणी त्या जुन्या गाण्याचीच, असं ओवेन यांनी ठरवलं. १९७६ चा तो निकाल मी अनेकदा वाचलाय, कारण त्यात एक विलक्षण वळण आहे. हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली असं न्यायाधीश म्हणत नाहीत. जुनं गाणं त्याच्या मनाच्या तळाशी होतं, ते त्याच्या नकळत वर आलं, असं ते मानतात. तरीही दोष लागू. आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. हेतू हेच कर्म, असं बौद्धांचं म्हणणं. नकळत घडलेलंही बांधतंच, असं जैनांचं. न्यूयॉर्कचं कोर्ट जैन निघालं.

मग ज्याने सगळं उघड, सांगून-सवरून केलं त्या इनेसचं काय झालं? तोही सुटला नाही. बीटल्सच्या गाण्यांचे हक्क बीटल्सकडे नव्हते, ते एटीव्ही म्युझिककडे होते. या कंपनीने दावा सांगितला. इनेसने कोर्टाबाहेर मिटवलं आणि उत्पन्नातला निम्मा वाटा सोडला. पुढे सीडी निघाली तेव्हा त्या गाण्यांच्या श्रेयात इनेसबरोबर लेनन आणि मॅकार्टनी ही नावंही आली. म्हणजे एकाने नकळत केलं तर तो कर्ता ठरला, आणि ज्यांनी एक ओळही लिहिली नाही तेही कर्ते ठरले. कर्तेपण ही कागदावरची सोय आहे, हे कोर्टकचेऱ्यांनी वेदान्तापेक्षा सोपं करून सांगितलं म्हणायचं.

इनेसला कुणी विरक्त समजू नये. १९९४ मध्ये ओएसिस या बँडचं 'व्हॉटएव्हर' आलं, त्यात त्याच्या १९७३ च्या एका गाण्याची चाल निघाली. त्याने हक्क सांगितला आणि श्रेय मिळवलं. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. ममत्व सुटावं हे खरं, पण गाणाऱ्यालाही घरभाडं असतं.

मला जास्त विचारात पाडतो तो हॅरिसन. रटल्सच्या माहितीपटाने बीटल्सचं काहीच थट्टेतून सोडलेलं नाही. बीटल्स १९६८ मध्ये ऋषिकेशला महर्षी महेश योगींकडे गेले होते; रटल्स जातात बॉग्नर या इंग्लंडातल्या किरकोळ समुद्रकाठच्या गावी, आर्थर सुलतान नावाच्या 'सरेच्या गूढवाद्या'कडे. चौघांत अध्यात्माला सगळ्यांत घट्ट धरून बसलेला हॅरिसन होता. हरे कृष्ण पंथाला लंडनजवळचं अख्खं मॅनर त्याने १९७३ मध्ये देऊन टाकलं होतं. थट्टेने दुखावायचंच तर त्याने दुखावायला हवं होतं. पण आयडलला सर्वांत जास्त मदत केली ती त्यानेच, आणि वर स्वतः कामही केलं. पांढऱ्या केसांचा टोप घालून तो वार्ताहर झालाय. रटल्सच्या कंपनीच्या दारात उभा राहून तो मॉन्टी पायथनच्याच मायकल पॅलिनला विचारतो, इथे चोऱ्या होतात म्हणे? पॅलिन ठामपणे नाकारतोय आणि त्याच्या पाठीमागून लोक एकेक सामान उचलून नेताहेत. शेवटी हॅरिसनच्या हातातला माइकही जातो. बीटल्सच्या ॲपल कंपनीत खरोखरच अशी लूट चालली होती, आणि त्यात याचेही पैसे गेले होते.

हे नुसतं खिलाडूपण असं मला वाटत नाही. खिलाडू माणूस स्वतःवर हसतो, पण तेव्हाही 'स्वतः' शाबूत असतो. हॅरिसनला 'बीटल जॉर्ज' हा आपल्या अंगावरचा जुना कोट वाटत असावा, आणि तो दुसऱ्या कुणाच्या अंगात बरोबर बसतोय हे बघून त्याला मोकळं वाटलं असावं. माहितीपटात त्याच्या जागी रिकी फतार आहे आणि तो अवाक्षर बोलत नाही. 'शांत बीटल' ही ख्याती इतकी शब्दशः घेतलेली पाहून मी मोठ्याने हसलो. खुद्द हॅरिसन किती हसला असेल!

त्याचा कल आधीच दिसला होता. आयडल आणि इनेसच्या 'रटलंड वीकएंड टेलिव्हिजन' या बीबीसीच्या मालिकेचा नाताळचा भाग २६ डिसेंबर १९७५ ला दाखवला गेला. 'माय स्वीट लॉर्ड'ची सुनावणी तेव्हा दोन महिन्यांवर आली होती. त्या भागात हॅरिसन समुद्री चाच्याच्या वेशात पुन्हा पुन्हा येतो आणि चाच्याची भूमिका मागतो. सगळ्यांना हवा असतो प्रसिद्ध जॉर्ज हॅरिसन, आणि त्याचं गाणं. अखेर तो गिटार घेऊन उभा राहतो, 'माय स्वीट लॉर्ड'ची ओळखीची सुरुवात वाजते, आणि तोंड उघडतो तर चाच्यांचं गाणं! लुटारूंचं गाणं खरं, पण श्रेय चोख वाटलेलं: हॅरिसन आणि आयडल.