छप्पर परत घालावं का?

जॉर्जियातल्या कुताइसी शहरात एका टेकडीवर बाग्राती कॅथीड्रल आहे. राजा बाग्रात तिसरा याच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात फरसबंदीचं साल १००३ दिलंय. १६९०च्या दशकात ऑटोमन सैन्याने सुरुंग लावला आणि घुमट, छत सगळं खाली आलं. पुढची तीन शतकं चार भिंती आणि वर आभाळ. विसाव्या शतकात थोडी डागडुजी झाली आणि १९९४ला युनेस्कोने जवळच्या गेलाती मठाबरोबर हे चर्च जागतिक वारशात घेतलं. मग जॉर्जियाने ठरवलं, छप्पर परत घालायचं. २०१०मध्ये नाव धोक्याच्या यादीत गेलं, २०१२ला चर्च पुन्हा उभं राहिलं, २०१७ला वारशाच्या यादीतून गळलं. गेलाती एकटंच उरलं.

युनेस्कोचा आक्षेप अस्सलपणा गेल्याचा. हे मला सरळ पटत नाही. सुरुंगाने दिलेला आकार अस्सल, आणि प्रार्थनेला येणाऱ्यांनी घातलेलं छप्पर तेवढं नकली? ते चर्च आहे, पडझडीचं प्रदर्शन नव्हे. आपल्याकडे तर जीर्णोद्धार हे पुण्यकर्मच. (काळ्या दगडावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात टाइल्स लावणं हेही आपण त्याच खात्यात जमा करतो, ते सोडा.)

पण या तक्रारीत एक शब्द असा आहे, जो मला सोडत नाही: न उलटवता येणारं काम. जुन्या दगडात नवं बांधकाम इतकं मिसळलं, की उद्या कुणाला वेगळं वाटलं तरी ते जुन्याला धक्का न लावता काढता यायचं नाही. पश्चिमेकडचा पोलाद-काचेचा भाग मला त्यामुळेच जास्त प्रामाणिक वाटतो. पुष्कळांना तो खुपतो, पण आपण आजचे आहोत हे तो लपवत नाही.

जॉर्जियाचीच एक गोष्ट आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात घडली. राणी केतेवान १६२४ला इराणात धर्म सोडायला नकार देऊन मेली. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टीनियन साधूंनी गोव्याला आणला. त्यांच्या चर्चचं छत १८४२ला कोसळलं. मागे पडका मनोरा आणि दगडांचे ढीग राहिले. जुन्या पोर्तुगीज कागदांत एका खिडकीजवळची जागा नोंदलेली होती. पुरातत्त्व खात्याने तिथे खणलं, हाड मिळालं, डीएनए तपासला आणि २०२१मध्ये अवशेष जॉर्जियाला गेले. मध्ये कुणी भक्तिभावाने तिथे काँक्रीट ओतलं असतं तर? पडक्या जागेने कुणालाही माहीत नसलेला प्रश्न दीड शतकाहून जास्त काळ सांभाळून ठेवला होता.

म्हणून माझं मत: छप्पर घालावं, पण पुढच्यांना उतरवता येईल असं. अर्थात, ‘हे तात्पुरतं आहे हं’ असं तिथे मेणबत्ती लावणाऱ्या एखाद्या आजीला सांगायची हिंमत माझ्यात नाही.