न चिकटवलेला कागद

आपल्या घरात विकण्याजोगे काही आहे, हे माणसाला बहुधा दुसऱ्यानेच सांगावे लागते. मला ते मुंबईच्या एका संग्राहक गृहस्थांनी सांगितले.

दादा, म्हणजे माझे वडील, वारल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी अंथरलेला एक कागद निघाला होता. पातळ, गुलाबी, घड्यांवर विरलेला आणि एका कोपऱ्यात गंजाचा डाग पडलेला. वर तमाशाच्या फडाचे नाव, मधोमध विठाबाई नारायणगावकरांच्या छायाचित्राचा ब्लॉक, खाली बारीक खिळ्यांत सोंगाड्याचे आणि ढोलकीवाल्याचे नाव, तळाशी पुण्याच्या पेठेतल्या तमाशा थिएटरचा पत्ता आणि ‘आज रात्रौ’ एवढाच मजकूर. साल नाही. ज्या कागदाचे आयुष्यच एका रात्रीचे, त्याला सालाची गरज ती काय? मी शाळेत चित्रकला शिकवतो. लाकडी टायपाची ती ओबडधोबड अक्षरे, कोठे शाई फुटलेली तर कोठे उठलीच नाही अशी, मला फार आवडली. म्हणून मी तो कागद काचेत घालून ठेवला. ते गृहस्थ एका परिचितांबरोबर आमच्या कर्वेनगरच्या घरी आले, कागदापुढे पाच मिनिटे मुकाट्याने उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, साठ हजार देतो.’’

मुलीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. तेव्हा वडिलांची आठवण पैशाने विकू नये, असा काही बाणेदार विचार माझ्या मनात आला असे लिहिले तर ते खोटे होईल. विकायचे, हे पहिल्या मिनिटालाच ठरले. पुढचे तीन आठवडे गेले ते दुसऱ्याच प्रश्नात. हे साठ हजार रुपये कशाचे?

कागदाचे म्हणावे तर रद्दीवाल्याने त्याचे आठ आणेही दिले नसते. मी त्या गृहस्थांना विचारले, की असे कागद तर शेकड्यांनी छापले जात. मग हा दुर्मिळ कसा? ते सहज म्हणाले, ‘‘कोणी ठेवले नाहीत, सर.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कोणी ठेवले नाहीत. बालगंधर्वांची छायाचित्रे मराठी घरांनी भिंतीवर लावली, नाट्यगीतांच्या तबकड्या रुमालाने पुसून कपाटात ठेवल्या. तमाशाचा कागद मात्र चौकातल्या भिंतीवरून पावसाने खाली आला आणि गटारात गेला. तमाशा कोणी पाहत नव्हते असे मुळीच नाही. पाहून आल्यावर त्याची खूण घरात नको होती. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांवर माना डोलावणाऱ्या महाराष्ट्रात १९४५ साली पुण्यात त्यांचा अंत झाला तो दारिद्र्यात. आमच्या घरीही काही निराळे नव्हते. दादांच्या मनात तो कागद भिंतीवर लावायचा होता. आईने साफ नाही म्हटले. ‘‘चार माणसे घरात येतात,’’ असे ती म्हणाली होती, आणि आज विचारले तरी ती तेच सांगते. म्हणून तो पेटीच्या तळाशी गेला. साऱ्या पुण्याने टाकला म्हणून दुर्मिळ झाला आणि आमच्या घराने लपवला म्हणून टिकला. आता त्या हेळसांडीचेच मोल मला मिळणार होते. लोकांनी आदराने जपून ठेवला असता तर आज त्याला कोणी पाचशे रुपये दिले नसते.

आमच्या वस्तीला ज्यांचे नाव आहे त्या अण्णा कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले, तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९०० साली ते आपला आश्रम घेऊन गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर आले. आज त्याच माळावरच्या वाण्याच्या पाटीवरही कर्वेनगर लिहिलेले असते. पण अण्णांना शंभरी गाठता आली. १९५८ साली भारतरत्न मिळाले तेव्हा ते घ्यायला ते स्वतः होते. समाजाने उशिरा का होईना, देणे चुकते केले आणि ते ज्याचे त्याच्या हाती पडले.

विठाबाईंचे तसे झाले नाही. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तशा आत गेल्या, मूल झाले, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ती सांगताना आपला स्वर कौतुकाचा असतो, याचे मला अलीकडे आश्चर्य वाटू लागले आहे. राष्ट्रपतींचा पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला, १९५७ साली आणि १९९० साली. २००२ साली त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या पैशांतून भागवावे लागले. पुढे २००६ साली सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. आणि आता त्यांच्या नावाच्या कागदाला साठ हजार! या पैशावर त्यांचा काहीच हक्क नाही काय?

माझे शिक्षण दहावी आणि वर चित्रकलेचा डिप्लोमा. तत्त्वज्ञान मी वाचलेले नाही, म्हणून एका वकील स्नेह्यांना विचारले. त्यांनी एक मौजेची गोष्ट सांगितली. मूळ चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला वाटा मिळावा, असा कायदा फ्रान्सने १९२० सालीच केला. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात १९९४ साली तसे कलम आले. मूळ चित्र, शिल्प किंवा हस्तलिखित दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलावंताला किंवा वारसांना हिस्सा, तोही फार तर दहा टक्के. ‘‘पण तुमचा कागद यात बसत नाही,’’ वकील म्हणाले. ‘‘तो छापील आहे, आणि त्या बाई चित्रकार नव्हेत.’’ थोडक्यात, जिच्या नाचण्यासाठी कागद छापला, तिचे नाव कायद्याच्या हिशोबात कोठेच लागत नाही.

शाळेतल्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे निराळे. ‘‘तुमच्या वडिलांनी राखला म्हणून राहिला. राखणाऱ्याला राखणावळ मिळाली, त्यात एवढे कसले पाप?’’ युक्तिवाद चांगला होता. दोन दिवस मला त्यावर झोपही लागली. मग दादांचा धंदा आठवला.

दादा तरुणपणी रात्री जाहिराती चिकटवीत. सायकलच्या हँडलला खळीची बादली, मागे कुंचा आणि कागदांचा गठ्ठा. थिएटरचा मॅनेजर शंभर कागद मोजून देई आणि शंभर कागदांची मजुरी देई. म्हणजे हा कागद पेटीत आला त्या रात्री दादांनी नव्व्याण्णव चिकटवले आणि शंभरांचे पैसे घेतले! वाण्याने चुकून जास्त दिलेली चवली परत करायला उन्हातून मागे जाणारा हा माणूस. त्याने हे का केले असेल? त्या बाईंचे नाचणे त्यांनी पाहिले होते की नाही, हेही मला ठाऊक नाही. तमाशाबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत.

सौदा झाला त्या रविवारी गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, कागद कुठून आला ते दोन ओळींत लिहून द्या. पुढे उपयोगी पडते.’’ मी कादंबऱ्या लिहितो. त्या कागदाला एखादी हळवी गोष्ट जोडणे मला अवघड नव्हते. पण मी लिहिले, की माझे वडील पोस्टरे चिकटवण्याचे काम करीत; हे त्यांनी चिकटवले नाही, स्वतःजवळ ठेवले. गृहस्थांनी ते दोनदा वाचले. ‘‘शेवटचे वाक्य काढू या का? उगाच चोरीच्या मालासारखे दिसते.’’ मी नको म्हटले. बरीच घासाघीस होऊन पंचावन्न हजारांवर तुटले. फी भरली.

त्यातले साडेपाच हजार मी एका पाकिटात घातले. कायद्यात नसलेला तो दहावा हिस्सा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात, तेथे पाकीट घेऊन गेलो. एका राहुटीत पोक्त वयाचे व्यवस्थापक वही घेऊन बसले होते. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, चहा मागवला आणि पाकिटाला हात न लावता म्हणाले, ‘‘मास्तर, आम्हांला वर्गणी नको. कुठल्या जत्रेला या, घरची माणसं घेऊन या. तिकीट काढून बसा.’’

घरची माणसे म्हणजे आईही आली. परतीच्या एसटीत मी तोच विचार करीत बसलो. जत्रांचा हंगाम संपला, पावसाळाही गेला, आणि मी अजून तिला विचारलेले नाही. पाकीट कपाटात आहे. मध्ये एकदा कपाट आवरताना तिला ते सापडले. ‘‘हे कुणाचे रे?’’ तिने विचारले. मी म्हटले, ‘‘दादांचे.’’ तिने ते उघडले नाही. होते तेथेच परत ठेवले.