साक्ष आणि पुरावा

भिलाईच्या एखाद्या घरातील नवविवाहिता अमेरिकेत असलेल्या पतीकडे कायमची जावयास निघते, तेव्हा तिचा प्रवास प्रथम मुंबईपर्यंतचा असतो. दुर्ग स्थानकावर गाडी धरायची, विदर्भ-खानदेश ओलांडायचा आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या काचेसमोर उभे राहावयाचे. तेथे ती उजवा हात वर करून शपथ घेते. काचेपलीकडचा अधिकारी विचारतो: स्थळ कोणी आणले? प्रथम भेट कोठे झाली? लग्नानंतर किती दिवस एकत्र राहिलात? संभाषण बहुधा काही मिनिटांत संपते. या वेळी पती सहसा शेजारी नसतो. जे दोघांचे आहे ते एकटीने सिद्ध करावयाचे, आणि तेही ज्याने तिला पूर्वी कधी पाहिले नाही त्याच्यापुढे.

विवाह ही सिद्ध करण्याजोगी गोष्ट आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

राज्यसंस्थेची बाजू प्रथम न्यायाने मांडली पाहिजे. केवळ देशप्रवेशासाठी केलेले खोटे विवाह ही काल्पनिक भीती नव्हे. अमेरिकेने 1986 साली अशा विवाहांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तेव्हापासून, प्रवेशाच्या वेळी विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील तर प्रथम केवळ अटींसह वास्तव्याचा हक्क मिळतो. सिद्धतेचा भार अर्जदारावर असतो. तेथील न्यायनिर्णयांतून रूढ झालेली कसोटीही तशी उदात्तच आहे: विवाहसमयी उभयतांचा एकत्र जीवन उभारण्याचा हेतू होता काय? यापेक्षा चांगली कसोटी धर्मशास्त्रालाही सुचली नसती. अडचण एवढीच, की हेतू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अधिकारी चिन्हांकडे वळतो: छायाचित्रे, पत्रव्यवहार, दूरध्वनीची देयके, संयुक्त बँकखाते.

आपल्या नैयायिकांनी या मार्गातील धोका फार पूर्वी ओळखला होता. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करता येते. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही. याचे त्यांनी दिलेले उदाहरण तापलेल्या लोखंडी गोळ्याचे आहे: आत अग्नी, बाहेर धुराचा मागमूस नाही. 1959 पासून झोतभट्टीच्या उजेडात राहिलेल्या गावाला हे उदाहरण समजावून सांगावे लागू नये. चिन्हे असली तर विवाह खरा मानावा, हे एक वेळ ठीक. चिन्हे नाहीत म्हणून तो खोटा, हे अनुमान सदोष आहे.

आणि ठरवून केलेल्या विवाहात आरंभी चिन्हे कोठून असावीत? त्यात परिचय ही विवाहाची पूर्वअट नसून विवाहाचे फळ असते. नोकरीनिमित्त भिलाईस आलेल्या पहिल्या पिढीतील कितीतरी मराठी कुटुंबांचे संसार एका भेटीवर, वडीलधाऱ्यांच्या शब्दावर उभे राहिले आणि सेक्टरमधल्या दोन खोल्यांत पन्नास पन्नास वर्षे टिकले. त्या गृहिणींना लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कोणी नवऱ्याच्या आवडीनिवडी विचारल्या असत्या, तर त्यांतील बहुतेक जणी निरुत्तर झाल्या असत्या. त्यांच्यापाशी पुरावा नव्हता, साक्ष होती: अग्नीची, आणि मांडवात अक्षता टाकणाऱ्या माणसांची. पुरावा घडून गेलेल्या गोष्टींचा असतो. विवाहातील साक्ष पुढे जे करावयाचे आहे त्या वचनाची असते.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही हाच भेद जपला आहे. जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातव्या पावलाबरोबर विवाह पूर्ण होतो. नोंदणी केवळ त्याच्या पुराव्यापुरती. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली विवाहनोंदणी सक्तीची करावी असा आदेश दिला, तोही योग्यच होता. नोंदीअभावी स्त्रियांचेच अधिक नुकसान होत आले आहे. परंतु 2024 साली त्याच न्यायालयाला उलट दिशेने बोलावे लागले. परदेशाचा व्हिसा वेळेवर मिळावा म्हणून विधी होण्यापूर्वीच विवाहाची नोंदणी उरकून घेण्याची रीत पडली आहे, याची दखल घेऊन विधीवाचून झालेल्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, असे न्यायालयाने बजावले. ज्याचा पुरावा द्यावयाचा ती गोष्ट अद्याप घडलेलीच नाही, पण पुरावा तयार आहे!

इतक्या टोकाला न जाणारी घरेही या ओढीतून सुटत नाहीत. विवाह खरा असतो, तरीही फाइलीसाठी म्हणून छायाचित्रे काढली जातात. दोघांनी हसावे, सासूने खांद्यावर हात ठेवावा, अशा सूचना होतात. यात असत्य काय, असे कोणीही विचारील. असत्य काही नाही. पण प्रेमाच्या प्रत्येक कृतीकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहण्याची सवय त्या दोघांना संसाराच्या पहिल्याच महिन्यांत लागते, आणि ही किंमत कोणत्याही शुल्कात नोंदलेली नसते.

परक्या सत्तेने आपल्या विवाहाकडे संशयाने पाहण्याचा इतिहास जुना आहे. मार्च 1913 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील न्यायमूर्ती सर्ल यांच्या निर्णयाने, ख्रिस्ती विधीने न झालेले किंवा नोंदणी नसलेले विवाह कायद्याच्या दृष्टीने विवाह राहिले नाहीत. शेकडो संसार एका दिवसात अनधिकृत झाले. त्याच वर्षी कस्तुरबा गांधी सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या. 1914 च्या कायद्याने तो अन्याय दूर झाला. ब्रिटनमध्ये 1979 साली विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यपरीक्षा झाल्याचे उघड झाले. विवाहाचा मुख्य हेतू स्थलांतर हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे असा तेथील नियम 1997 पर्यंत टिकला. नकार सिद्ध करणे किती कठीण, हे कोणताही तर्कशास्त्राचा विद्यार्थी सांगेल.

तथापि संशय नेहमी अपमानच करतो असे नाही. परदेशस्थ वराने लग्न करून टाकून दिलेल्या स्त्रियांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाला स्वतंत्र कक्ष चालवावा लागतो. मांडवात ज्या चौकशा व्हावयास हव्या होत्या, त्या संकोचापायी झाल्या नाहीत. काचेपलीकडच्या परक्याने विचारलेला प्रश्न — नवऱ्याचे हे दुसरे लग्न आहे, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? — कदाचित तिच्या वडिलांनीच आधी विचारावयास हवा होता.

मुलाखतीच्या आदल्या रात्री फोनवर पतिपत्नी उत्तरे जुळवून घेतात: त्याच्या कचेरीचा पत्ता, घरभाडे, मित्रांची नावे. नातेवाईक बजावतात, अडखळू नकोस. परंतु अधिकारी कधी न घोकलेलेच काही विचारतो, आणि त्या क्षणी तिच्यापुढे दोन मार्ग असतात. सुचेल ते सांगून वेळ निभावून न्यावी. किंवा ज्या माणसाबरोबर तिला उभे आयुष्य काढावयाचे आहे त्याच्याविषयीची ही गोष्ट आपणास अद्याप माहीत नाही, असे शपथेवर स्पष्ट सांगावे.