किल्ली कोणाच्या हाती?

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे येतो. दिवसा फराळाचे डबे आणि रात्री संगणक, असा त्याचा नेम. गेल्या वर्षी मध्यरात्री पाणी प्यायला उठलो, तर बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तो कोणाला तरी सांगत होता, की थांबा, कोणी पुढे जाऊ नका; चूक माझ्या सांगण्यात झाली, पुन्हा पहिल्यापासून करू. डोकावून पाहिले. कानांना यंत्र लावून स्वारी पडद्यापुढे बसली होती. खोलीत दुसरे कोणी नव्हते. पण देशोदेशीचे 20 जण त्या क्षणी त्याचा शब्द झेलीत होते.

मी मास्तर माणूस. वर्गातली 40 मुले गप्प बसवायला मला टेबल लागते, हजेरीपट लागतो, आणि क्वचित मुख्याध्यापकांचे नावही घ्यावे लागते. या पोराला यातले काहीच लागत नव्हते. मला कौतुक वाटले की हेवा वाटला, हे अजूनही नीट सांगता येणार नाही. सकाळी चकली मोडता मोडता मी विचारले, "काय रे, तुझं ऐकतात कसे ते लोक?"

तो म्हणाला, "मामा, त्यांना ऐकायलाच हवं असं काही नाही. आत्ता उठून दुसरीकडे जाऊ शकतात. म्हणून तर मला नीट वागावं लागतं."

या खेळांतल्या मंडळांना 'गिल्ड' म्हणतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ 2004 साली आला, तेव्हा त्यातल्या मोठ्या मोहिमांना 40 गडी लागत. 40 जणांनी ठरल्या वेळी यायचे, तासन् तास झुंजायचे, आणि राक्षस पडला की हाती काय? दोन-चार वस्तू! एक तलवार आणि 40 हात, म्हटल्यावर राजकारणाला निमित्त किती लागते? ही अडचण त्याच्याही आधीची. 1999 साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात खेळाडूंनी तिच्यावर एक तोड काढली होती. मोहिमेला हजर राहिले की गुण जमा, लुटीतली वस्तू घेतली की गुण वजा. ड्रॅगन मारल्याचे गुण म्हणून त्यांना नाव पडले. ही चोपडी कोणा कंपनीने घातली नव्हती. खेळणाऱ्यांनीच ती आपसात चालू केली. काही मंडळांना मात्र ती पटेना. तलवार ज्याने हजेरी लावली त्याला द्यावी, की जो ती उत्तम चालवील त्याला? ते म्हणत, चार जाणत्यांनी बसून ठरवावे. हक्क मोठा की योग्यता मोठी, हा वाद आपल्याकडे भाऊबंदांच्या वाटणीत कमी का झाला आहे?

या नायकांना पगार नाही, की त्यांच्या पदरी शिपाई नाही. त्यांचे भांडवल एकच: वही खरी असल्याचा लोकांचा विश्वास. मित्राला चोरून तलवार दिली, की दुसऱ्या रात्री मोहिमेला माणसे कमी पडतात. हे ऐकून मला फार बरे वाटले. सत्ता अशी असेल तर तिच्यात वाईट काय?

भाच्याने मग दुसरी बाजू सांगितली. आइसलँडमधल्या एका कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा खेळ आहे, 2003 पासून चालत आलेला. एकच अफाट आकाश आणि त्यात हजारो खेळाडू. त्यांची मंडळे, मंडळांचे संघ, संघांची राज्ये. 'बँड ऑफ ब्रदर्स' हा त्यांतला एक बलाढ्य संघ. 'गूनस्वार्म' हा त्याचा हाडवैरी. 2009 सालच्या फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्सच्या संचालकांपैकी एक जण गूनस्वार्मला फितूर झाला. संचालक म्हणून त्याच्या हाती जे अधिकार होते, ते वापरून त्याने अख्खा संघ विसर्जित करून टाकला. तोफ उडाली नाही, की जहाज बुडाले नाही. संघ मोडताच त्याच्या नावावरचा मुलूख बेवारशी झाला, आणि त्याचे नावसुद्धा वैऱ्यांनी आपल्याकडे नोंदवून घेतले. माणसांनी वर्षानुवर्षे जमवलेले एका बोटाने गेले. आणि गंमत अशी, की त्या खेळाच्या नियमांप्रमाणे हा गुन्हा नव्हता. फितुरी तिथे नियमाबाहेर नाही. खेळातली ती एक चालच समजली जाते.

मी म्हणालो, "मग बिघडलं काय? सोंगटी मेली म्हणून कोणी सुतक पाळतं का?"

भाचा म्हणाला, "सोंगटी खोटी असते, मामा. पण रोज रात्री झोप मोडून येणारी माणसं खरी असतात."

त्याने एक हकीकत सांगितली. सीन स्मिथ नावाचा एक गृहस्थ त्याच गूनस्वार्मचा मुत्सद्दी होता. प्रत्यक्षात तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला. 2012 च्या सप्टेंबरात लिबियातल्या बेंगाझी इथे अमेरिकन कचेरीवर हल्ला झाला, त्यात तो मारला गेला. तेव्हा ईव्हच्या त्या लटक्या आकाशातल्या अनेक तळांना खेळाडूंनी त्याचे नाव दिले. सोंगटीसाठी कोणी असे करीत नाही.

मी गप्प झालो. भाच्याला वाटले, मामाला पटले. मला मात्र माळ्यावरची पत्र्याची पेटी आठवली होती.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या गावात एक हौशी नाट्यमंडळ होते. अक्षर बरे म्हणून मला चिटणीस केलेले. पेटी माझ्याकडे, वह्या माझ्याकडे, पैसे काढायला सही माझी. एका वर्षी मी स्वतः नाटक लिहिले, आणि सभासदांनी ते न घेता दुसरेच पसंत केले. मी रागाने काही बोललो नाही. फक्त सभा बोलावली नाही, दिवाणखान्याचे भाडे भरले नाही, पेटीला कुलूप घातले. एकही नियम मोडला नाही. त्यानंतर मंडळ पुन्हा उभे राहिले नाही. दिवसभर यंत्र चालवून रात्री फुकट पोशाख शिवणारा आमचा शिंपी अजून रस्त्यात भेटला की विचारतो, "मास्तर, यंदा काही बसवायचं का?" मी दर वर्षी म्हणतो, "बघू."

त्या फितुराला नावे ठेवायला मी कोण? तो निदान उघड वैऱ्याच्या गोटात गेला. मी घरातच बसून तेच केले. त्याच्याकडे कळ होती, माझ्याकडे किल्ली, आणि नियम दोघांच्याही बाजूने. नियम एवढेच सांगतो की हे तुला करता येईल. ते करावे की नाही, हे मात्र ज्यांनी आपल्या रात्री आपल्या हवाली केल्या त्यांच्याकडे पाहून ठरवायचे असते. सत्ता म्हणजे दुसऱ्यांनी आपल्यापाशी ठेवलेली ठेव. ती गल्लीतल्या मंडळाची असो, राज्याची असो, की पडद्यावरच्या 20 जणांची असो. ठेव सांभाळणाऱ्याला एक दिवस ती आपलीच वाटू लागते, आणि घात होतो तो तिथे. भाच्याची माणसे दुसऱ्या रात्री निघून जाऊ शकतात, म्हणून त्याला हे विसरता येत नाही. आमचा शिंपी कुठे जाणार होता?

यंदा दिवाळीच्या झाडलोटीत पेटी माळ्यावरून खाली काढली. किल्ली एका जुन्या हजेरीपटात सापडली. भाऊबीज झाली की दोन्ही शिंप्याच्या घरी नेऊन देणार आहे. पेटी न्यायला भाचा हात लावील. तो शिंपी ती घेईल की नाही, मला ठाऊक नाही. या खेपेला ठरवायचे त्याने आहे.